दोष सिद्ध करण्याचे ओझे कोणाच्या खांद्यावर?

(वाशीम येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या अभ्यासवर्गासाठी ‘सदोष वाहन घेणाऱ्या ग्राहकाचे हक्क’ हा विषय मी सुचविला, तेव्हा आपल्यातील एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने मला विचारले, “सर, सोयाबीनचा भाव, पीकविमा, रोजगार हमीची थकलेली मजुरी हे प्रश्न संपले की काय? मोटारगाडी घेणाऱ्यांची काळजी आपण कशाला वाहायची?” प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर दिल्यावाचून मला पुढे जाता येणार नाही.

मुंबई-पुण्याच्या सुखवस्तू माणसाची मोटार आणि आपल्या जिल्ह्यातील वाहन या अर्थशास्त्राच्या दृष्टीने दोन निराळ्या वस्तू आहेत. १९९८ साली अकोला जिल्ह्यातून वाशीम वेगळा झाला. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा या सहा तालुक्यांत कोरडवाहू शेतीवाचून तरुणाला दुसरा आधार फारसा नाही. येथे जो तरुण कर्ज काढून मालवाहू तीनचाकी, पिकअप, काळीपिवळी किंवा ट्रॅक्टर घेतो, तो चैनीची वस्तू घेत नसतो. तो उत्पादनाचे साधन घेत असतो. ते साधन सदोष निघाले, तर त्याची केवळ गैरसोय होत नाही, त्याची उपजीविका बुडते.

माझा एक जुना विद्यार्थी मानोरा तालुक्यातला. वडिलांची तीन एकर जमीन, घरात सहा माणसे. पदवी घेऊनही नोकरी मिळेना, तेव्हा त्याने कर्जावर मालवाहू तीनचाकी घेतली. पहिल्याच महिन्यात गाडी चढावर ओढेना आणि गिअर सुटू लागला. सर्व्हिस सेंटर जिल्ह्याबाहेर होते. दर खेपेस दिवसाची कमाई बुडवून तो तेथे जाई आणि दर खेपेस ‘सेटिंग केले आहे, चालवून पाहा’ एवढे ऐकून परत येई. अशा नऊ खेपा झाल्या. हप्ते थकले. शेवटी कर्ज देणाऱ्या कंपनीची माणसे एका रात्री गाडी ओढून घेऊन गेली. तो माझ्याकडे आला, तेव्हा गाडी घेतल्याला अडीच वर्षे झाली होती. मी विचारले, “त्या नऊ खेपांचे कागद कोठे आहेत?” त्याच्याजवळ एकच कागद होता, आणि तो कर्जाच्या हप्त्यांचा होता.

मी तीस वर्षे अर्थशास्त्र शिकविले. मागणी-पुरवठ्याच्या वक्ररेषा याच मुलाला फळ्यावर काढून दाखविल्या. परंतु दुरुस्तीला दिलेल्या गाडीचे जॉबकार्ड मागून घ्यावे आणि त्यावर दोष लिहवून घ्यावा, ही साधी गोष्ट ना मी त्याला शिकविली, ना आमच्या विद्यापीठाने. ती चूक थोडी तरी भरून निघावी म्हणून आज मी आपणासमोर उभा आहे.

प्रथम कायदा पाहू. १९३० च्या वस्तू विक्री कायद्याचा पाया ‘घेणाऱ्याने पाहून घ्यावे’ या जुन्या तत्त्वावर रचलेला होता. त्याला काही अपवाद होते, पण ते बजावून घेण्यासाठी दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी लागे, आणि ती पायरी गरिबाला कधीच परवडली नाही. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ही स्थिती बदलली. त्याची जागा आता २०१९ च्या कायद्याने घेतली असून तो २० जुलै २०२० पासून अमलात आला. या कायद्यातील चार गोष्टी आपल्या कार्यकर्त्यांना तोंडपाठ असल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट, ग्राहक कोण? व्यापारी हेतूने वस्तू घेणारा ग्राहक नव्हे, असे कायदा म्हणतो. हे वाक्य पुढे करून आपल्या वाहनचालकांना दारातूनच परत पाठविण्याचा प्रयत्न होतो. परंतु केवळ स्वयंरोजगाराने उपजीविका करण्यासाठी घेतलेली वस्तू या अपवादात मोडत नाही, असे स्पष्टीकरण त्याच कलमाला जोडलेले आहे. १९९५ साली ‘लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स’ या महाराष्ट्रातीलच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याचा अर्थ उलगडून सांगितला. त्या उद्योजकाचा दावा फेटाळला गेला हे खरे. पण स्वतः चालवून पोट भरण्यासाठी ऑटोरिक्षा घेणारा किंवा मालवाहतुकीसाठी ट्रक घेऊन तो स्वतः चालविणारा हा ग्राहकच होय, असे न्यायालयाने उदाहरणे देऊन नमूद केले. माझा विद्यार्थी ग्राहक होता. त्याला हे कोणी सांगितले नाही, एवढेच.

दुसरी गोष्ट, तक्रार कोठे करायची? जुन्या कायद्यात विक्रेता जेथे असेल किंवा व्यवहार जेथे घडला असेल तेथे जावे लागे. नव्या कायद्याने तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो, तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करण्याची मुभा दिली. म्हणजे गाडी अकोल्याला घेतलेली असो वा नागपूरला, तक्रार वाशीमच्या आयोगात करता येते. मोजलेली किंमत ५० लाख रुपयांपर्यंत असेल, तर प्रकरण जिल्हा आयोगाच्या कक्षेत येते. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही; ५ ते १० लाखांसाठी २०० रुपये आणि १० ते २० लाखांसाठी ४०० रुपये आहे. वकील देणे सक्तीचे नाही. ग्राहक स्वतः बाजू मांडू शकतो.

तिसरी गोष्ट, मुदत. तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत अर्ज केला पाहिजे. उशिराला सबळ कारण असेल तर आयोग तो माफ करू शकतो. पण माफीच्या भरवशावर बसणे शहाणपणाचे नव्हे. ‘आज दुरुस्त होईल, उद्या दुरुस्त होईल’ या आशेवर माणूस खेपा घालीत राहतो आणि कायद्याचे घड्याळ मात्र चालूच असते.

चौथी गोष्ट, मिळते काय? आयोग दोष दूर करण्याचा, वस्तू बदलून देण्याचा, किंमत परत करण्याचा आणि नुकसानभरपाईचा आदेश देऊ शकतो; योग्य वाटल्यास दंडात्मक भरपाईही देऊ शकतो. प्रकरण चालू असताना न्याय्य वाटेल तो अंतरिम आदेश देण्याचाही त्याला अधिकार आहे. २०१९ च्या कायद्यात उत्पादकाच्या दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण आले आहे. मात्र येथे एक बारकावा ध्यानात ठेवावा. सदोष वस्तूमुळे माणसाला इजा झाली किंवा त्याच्या दुसऱ्या मालमत्तेचे नुकसान झाले, तर ते प्रकरण लागू पडते. खुद्द सदोष गाडीच्या किमतीसाठी दाद मागायची ती वर सांगितलेल्या नेहमीच्या मार्गानेच.

इतके सारे हक्क कागदावर आहेत. मग माझ्या विद्यार्थ्याची गाडी का गेली? याचे उत्तर ‘दोष’ या शब्दात दडलेले आहे. गाडी चालत नाही हे ग्राहक सांगू शकतो. पण ती का चालत नाही, हा कारखान्यातील दोष आहे की वापरातील हयगय आहे, हे त्याने सिद्ध करावे अशी अपेक्षा असते. रेखाचित्रे कारखान्याजवळ, चाचणीचे अहवाल कारखान्याजवळ, त्याच तुकडीतील इतर गाड्यांच्या तक्रारींची नोंद कारखान्याजवळ. आणि पुराव्याचे ओझे मात्र मानोऱ्याच्या तरुणावर! प्रयोगशाळेच्या तपासणीची तरतूद कायद्यात आहे, पण तिचे शुल्क प्रथम तक्रारदाराला भरायला सांगितले जाऊ शकते.

सर्वोच्च न्यायालयाचे तीन निकाल आपण या दृष्टीने पाहू. २००६ साली मारुती उद्योगच्या एका प्रकरणात क्लचच्या दोषावरून संपूर्ण गाडी बदलून देण्याचा आदेश झाला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला नाही. वॉरंटीत सदोष भाग दुरुस्त करण्याची किंवा बदलण्याची जबाबदारी असताना सबंध गाडी बदलून मागता येणार नाही, असा त्याचा आशय होता. म्हणजे कंपनीने स्वतः छापलेल्या वॉरंटीच्या शब्दांनी ग्राहकाचा हक्क आखून दिला. हे शब्द ठरविताना ग्राहकाला कोणी विचारले होते?

दुसरे प्रकरण गोव्याचे. २०११ साली एका ग्राहकाने नवी गाडी म्हणून पूर्ण किंमत मोजली. हाती आलेली गाडी २००९ ची होती आणि ती ६०० किलोमीटरांहून अधिक धावलेली होती. जिल्हा मंच, राज्य आयोग आणि राष्ट्रीय आयोग यांनी विक्रेता व टाटा मोटर्स या दोघांनाही जबाबदार धरले. परंतु फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्पादक कंपनीला मोकळे केले. विक्रेता हा कंपनीचा हस्तक नसून स्वतंत्र व्यापारी आहे, आणि त्याने काय केले याची कंपनीला माहिती होती असे सिद्ध झालेले नाही, असे न्यायालय म्हणाले. विक्रेत्याची जबाबदारी राहिली. पण नाव ज्याचे पाहून आपण पैसे मोजतो, तो करारातील एका कलमाच्या आडोशाने सुटला. या निकालापर्यंत दहा वर्षे गेली, हेही विसरू नका. सुशिक्षित ग्राहकाला दहा वर्षे लागतात. हप्त्यावर जगणारा किती दिवस टिकेल?

तिसरा निकाल आशेचा आहे. ह्युंदाईच्या एका गाडीला २०१७ साली अपघात झाला आणि समोरच्या एअरबॅग उघडल्याच नाहीत. ग्राहकाने तज्ज्ञाचा अहवाल दिला नाही, असा आक्षेप कंपनीने घेतला. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मानला नाही. धडकेच्या वेगाचे आणि बलाचे गणित ग्राहकाने मांडावे अशी अपेक्षा करता येत नाही. घडलेली घटनाच बोलकी आहे, असा निकालाचा रोख आहे. भरपाई आणि गाडी बदलून देण्याचा आदेश कायम झाला.

या तिसऱ्या निकालातील न्याय आपल्या शेतकऱ्याला अपरिचित नाही. २०२० च्या खरिपात सोयाबीनचे बियाणे न उगवल्याच्या तक्रारींनी विदर्भ-मराठवाडा गाजला, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. बियाण्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठविला नाही, असा आक्षेप अशा प्रकरणांत कंपन्या नेहमी घेतात. शेतकरी सारे बियाणे पेरतो, तो नमुना कोठून आणणार? २०१२ साली राष्ट्रीय बीज निगमच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच म्हटले. शेतकरी हा ग्राहक आहे, त्याने नमुना राखून ठेवावा अशी अपेक्षा करता येत नाही, आणि त्याच तुकडीचे बियाणे तपासून घेणे निगमला शक्य होते. ज्याच्या हाती माहिती, त्याच्या शिरावर पुरावा, हे तत्त्व बियाण्याला लागू पडते, तर गिअरबॉक्सला का लागू पडू नये?

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून येथे थोडे सांगितले पाहिजे. मुक्त बाजाराचे समर्थक म्हणतात की, स्पर्धा आली की वाईट माल आपोआप बाहेर फेकला जातो. जॉर्ज अॅकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचेच उदाहरण घेऊन याच्या उलट दाखविले. विकणाऱ्याला दोष ठाऊक असतो, घेणाऱ्याला नसतो. अशा बाजारात वाईट माल चांगल्या मालाला हुसकावून लावू शकतो. २००१ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. बाजाराचा दोष बाजार दुरुस्त करीत नाही, त्याला बाहेरचा नियम लागतो, ही समाजवादी भूमिका भांडवलशाहीच्या विद्यापीठातूनच अशी सिद्ध झाली.

पण आपण स्वतःशीही प्रामाणिक असले पाहिजे. परवाना-नियंत्रणाच्या काळात देशात मोटार बनविणाऱ्या मोजक्याच कंपन्या होत्या. स्कूटरसाठी माणसे वर्षानुवर्षे रांगेत थांबत. रांगेत ताटकळलेला ग्राहक दोषाविषयी ब्रही काढीत नसे. त्या व्यवस्थेला आपण नियोजन म्हटले, परंतु ग्राहकाचा आवाज तीत नव्हता. १९९१ नंतर रांग गेली आणि निवड आली. मात्र सिद्ध करण्याचे ओझे होते तेथेच राहिले. मक्तेदारी सरकारी आश्रयाची असो की खाजगी भांडवलाची, असंघटित ग्राहक दोन्हीकडे एकटाच असतो.

अमेरिकेसारख्या भांडवलशाही देशातही हे ओझे लढूनच हलवावे लागले. राल्फ नेडर यांनी १९६५ साली मोटार कंपन्यांच्या बेफिकिरीवर पुस्तक लिहिले आणि दुसऱ्याच वर्षी तेथे वाहनसुरक्षेचा राष्ट्रीय कायदा झाला. १९८२ मध्ये कनेक्टिकट राज्याने आणखी पुढचे पाऊल टाकले. एकच दोष चार वेळा दुरुस्त करूनही राहिला, किंवा गाडी एकूण तीस दिवस दुरुस्तीत पडून राहिली, तर ग्राहकाने पुरेशी संधी दिली असे कायद्याने गृहीत धरावे आणि कंपनीने गाडी बदलावी किंवा पैसे परत करावेत. पुढे हा विचार तेथील इतर राज्यांनी उचलला. आपल्याकडे असे गृहीतक कायद्यात नाही. ते असते, तर नऊ खेपा घालणारा माझा विद्यार्थी चौथ्या खेपेलाच हक्कदार ठरला असता. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम ११०-अ आले आणि धोकादायक दोष असलेली वाहने परत बोलाविण्याचा आदेश देण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. तरतूद चांगली आहे. पण तिचा भर सुरक्षितता आणि पर्यावरण यांवर आहे. एकट्या मालकाची गाडी वारंवार बंद पडते, एवढ्याने ते कलम हलत नाही.

तेव्हा आपली पहिली मागणी स्पष्ट असावी: वारंवार दुरुस्तीनंतरही दोष राहिला, तर तो कारखान्याचा दोष गृहीत धरावा, तो तसा नाही हे कंपनीने सिद्ध करावे. दुसरी मागणी आयोगांविषयी. तपासणीची गरज असलेले प्रकरण ५ महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा असे कायदा म्हणतो. पण आयोगांवरील नेमणुकाच वेळेवर होत नाहीत म्हणून २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. रिकाम्या खुर्चीसमोर हक्क मागता येत नाही.

मागण्या मान्य होतील तेव्हा होतील. उद्यापासून काय करायचे? वाहन घेणाऱ्या प्रत्येकाला सांगा: ताब्यात घेण्यापूर्वी चॅसिस क्रमांक, उत्पादनाचा महिना-वर्ष आणि धावलेले किलोमीटर पाहून लिहून ठेवा. वॉरंटीचे पुस्तक वाचवत नसेल तर वाचून घ्या. दर खेपेला जॉबकार्ड घ्या. त्यावर ‘सर्व्हिसिंग’ नव्हे, तर ‘गिअर सुटतो’ असा दोषच लिहवून घ्या. तोंडी तक्रारीला काही किंमत नाही. स्पीड पोस्टाने विक्रेता आणि उत्पादक या दोघांनाही पत्र पाठवा आणि तक्रारीत दोघांनाही पक्षकार करा. गोव्याच्या निकालाचा धडा हाच की, दोघांना पक्षकार करूनही भागत नाही; दोष कंपनीला कळविला होता, याचा लेखी पुरावा हाती हवा. राष्ट्रीय ग्राहक मदतवाणीचा १९१५ हा क्रमांक प्रत्येक शाखेच्या भिंतीवर लिहा. हप्ते थकले तरी गुंडांकरवी वसुली करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली बजावले आहे. गाडी ओढायला कोणी रात्री आले, तर त्या घरी चार कार्यकर्ते उभे राहिले पाहिजेत. आणि एकाच दोषाचे अनेक ग्राहक सापडले, तर आयोगाच्या परवानगीने सर्वांसाठी एकच तक्रार करता येते. एकट्याच्या नऊ खेपा ही तक्रार ठरते. नऊ जणांची एक तक्रार ही चळवळ ठरते.

ग्राहकाचा प्रश्न मध्यमवर्गीय आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी १९७२ ची आठवण करावी. मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांनी महागाईविरुद्ध मुंबईच्या रस्त्यावर हजारो स्त्रियांच्या हाती लाटणे दिले, तेव्हा तो ग्राहकांचाच लढा होता. कारखान्यात श्रम विकणारा आणि दुकानात वस्तू घेणारा ही माणसे दोन नाहीत. एका दाराने त्याची मजुरी कापली जाते, दुसऱ्या दाराने त्याची खरेदी लुटली जाते. आपण पहिल्या दारावर पहारा दिला. दुसरे दार बराच काळ मोकळे सोडले.

माझा तो विद्यार्थी आज दुसऱ्याची गाडी रोजंदारीवर चालवितो. साधनाचा मालक व्हायला निघालेला तरुण पुन्हा मजूर झाला, आणि कर्जाची बाकी त्याच्या नावावर आहेच. त्याच्यासाठी आता फार काही करता येईल असे मी म्हणत नाही. परंतु आठवड्यातून एक दिवस दोन तास या कार्यालयात कागद तपासायला बसायची माझी तयारी आहे. आपापल्या तालुक्यातून ज्यांची गाडी दुसऱ्यांदा दुरुस्तीला गेली आहे, अशांना माझ्याकडे पाठवा. नवव्या खेपेची वाट पाहू नका.